जोडीदारीण सुटली की शाळा सुटते

कापूस वेचणीच्या दिवसांत शिवारात फिरताना सातवीतली पोर ओटी बांधून उभी दिसते. शाळेचं विचारलं तर म्हणते, "जोडीदारीण येत नाही, एकटी कशी जाऊ?"

हे वय न्हातंधुतं होण्याचं. आईला विचारायची लाज वाटते ते मैत्रिणीला विचारता येतं. एक बैल बसला की औत थांबतं. तसं एकीला घरी बसवलं की दुसरीचीही वाट बंद होते.

खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे. दोघींचा मिळून काढा. सरपंच, सदस्यहो, शाळेत मुलींच्या संडासाला कडी, पाणी आहे का, स्वतः पाहा.

वेचणीला मजूर मिळेल. सातवीचं वर्ष पुन्हा मिळत नाही.