डोंगरावरून काम : भाग ५
महाबळेश्वरचे बारा महिने

मागच्या भागात भाडेकराराचे पाहिले. या वेळी हवामान. महाबळेश्वरात राहून पुण्या-मुंबईच्या ऑफिसचे काम करू पाहणारे बहुतेक जण थंडीची चौकशी करतात. खरी चौकशी करायची ती पावसाची.

इथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. अरबी समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत इथे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात एवढा पडायला जवळजवळ अख्खा पावसाळा लागतो. त्याच पावसात दरडी कोसळून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट बंद पडला.

पण रोजच्या कामाला नडते ती ओल. जुलैत ढग खिडकीतून घरात येतात आणि आठवडा-आठवडा मुक्काम ठोकतात. चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकांच्या पाठींवर पांढरी बुरशी धरते, मिठाला पाणी सुटते, कॅमेऱ्याचे भिंग धुरकट होते. लॅपटॉप चालू असेपर्यंत स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. बंद करून ठेवला की दमटतो. म्हणून काम संपल्यावर तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. वाऱ्यात झाड पडले की वीज आणि इंटरनेटची केबल एकदमच जाते, त्यामुळे नुसता इन्व्हर्टर पुरत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्डही हवे.

यावरचा चांगला तोडगा जवळच आहे. पाचगणी इथून वीसेक किलोमीटर पूर्वेला, पण तिथे पाऊस निम्म्याहूनही कमी. पसरणी घाट उतरून वाईत गेलात तर त्याहून कितीतरी कमी. वारे पश्चिमेलाच रिते झालेले असतात. तेव्हा जुलै-ऑगस्ट पाचगणीत किंवा वाईत काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रज अमलात मुंबई इलाख्याचे सरकारही उन्हाळ्यात महाबळेश्वरला असे आणि पावसाळ्यात पुण्याला उतरे. अख्ख्या सरकारला जे जमले नाही, ते एकट्याने अंगावर का घ्यावे?

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा कामाचा खरा हंगाम. आकाश स्वच्छ, स्ट्रॉबेरीची शेते बहरलेली. थंडीत एक गंमत लक्षात ठेवा: बाजारपेठेत पारा दहा-बारा अंशांवर असतानाही वेण्णा तलावाकाठी दव गोठते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि जड गार हवा सखल भागात साचते. त्यामुळे तलावाजवळच्या खोलगटातले घर टाळा, चढावरचे घ्या.

एप्रिल-मे गार असले तरी पर्यटकांच्या गर्दीचे. दुपारी वळीव येतो, तेव्हा गडगडाट सुरू होताच राउटरची पिन काढा. महत्त्वाच्या मीटिंगा सकाळी उरका.

आणि घर पाहायला नोव्हेंबरात जाऊ नका, जुलैत जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, कपाटे उघडून वास घ्या, मोबाइलची रेंज तपासा. मगच अनामत द्या.