नवरीच्या हातातली रोझमेरी

ख्रिस्ती नवरीच्या हातात फुलांचा गुच्छ का असतो, या प्रश्नाचे एक तयार उत्तर गेली पंचवीस वर्षे सगळीकडे फिरते आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधले लोक म्हणे वर्षातून एकदाच, मे महिन्यात आंघोळ करीत. म्हणून लग्ने जूनमध्ये लागत. तोवर अंगाला पुन्हा वास येऊ लागे आणि तो झाकायला नवरी हातात फुले घेई. ही गोष्ट मीही एका व्याख्यानात रंगवून सांगितली होती. श्रोते खूप हसले. पुढे पडताळायला बसलो, तेव्हा मात्र माझे मलाच ओशाळे वाटले.

ही गोष्ट पसरली ती 1999 च्या सुमारास फिरलेल्या एका ई-मेलमधून. तिला उत्तर देणारी कागदपत्रे मात्र चारशे वर्षांहून जुनी आहेत. थॉमस क्रॉमवेलने 1538 साली प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी, असा हुकूम काढला. अशा 404 पॅरिशच्या नोंदींवरून रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास लिहिला. तो 1981 साली प्रसिद्ध झाला. त्यात लग्नांची गर्दी दिसते ती जूनमध्ये नव्हे, तर सुगी आटोपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. उपवासाच्या लेंटमुळे मार्च जवळजवळ कोरडा जाई. चातुर्मास संपून तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त काढणाऱ्या आपल्याला हे गणित समजायला जड जाऊ नये.

मग नवरीजवळ होते काय? फुलांपेक्षा महत्त्वाची होती रोझमेरी, सुईसारख्या पानांची उग्र वासाची वनस्पती. 6 जानेवारी 1540 रोजी आठव्या हेन्रीशी लग्न करताना क्लीव्ह्जच्या ॲनच्या सोन्याच्या मुकुटाभोवती रोझमेरीच्या डहाळ्या खोवलेल्या होत्या, असे एडवर्ड हॉलच्या बखरीत आहे. थॉमस डेलोनीच्या ‘जॅक ऑफ न्यूबरी’ या कथेत नवरीला चर्चमध्ये नेणाऱ्या दोन मुलांच्या रेशमी बाह्यांना फितींनी रोझमेरी बांधलेली आहे. वास नवरीचा झाकायचा होता, तर डहाळी पोरांच्या बाह्यांवर कशाला?

रोझमेरीचे काम वेगळे होते. ती आठवणीची वनस्पती मानली जाई. ‘हॅम्लेट’मधली ऑफेलियाही तिला आठवणीशीच जोडते. म्हणून ती लग्नात लागे, तशीच दफनातही लागे. जूलिएट मेली असे समजून घरचे रडू लागतात, तेव्हा तिच्या देहावर रोझमेरी ठेवायला सांगितले जाते, आणि लग्नासाठी आणलेली फुले मर्तिकाच्या कामी लागल्याचा शोक तिचा बाप करतो. आजच्या वाचकाला ही नाटककाराची कल्पना वाटेल. त्या काळच्या प्रेक्षकाने हे आपल्या गल्लीत पाहिलेले होते.

1603 साली लंडनमध्ये प्लेगने कहर केला. थॉमस डेकरने त्या वर्षावर लिहिलेल्या पुस्तिकेत एक नवरी लग्नाच्या दिवशीच प्लेगने जाते. लग्नासाठी सुगंधी पाण्यात धुतलेली रोझमेरी तिच्या दफनासाठी आसवांनी भिजली, असे तो लिहितो. बारा पेन्सना कवळभर मिळणारी रोझमेरी त्या साथीत सहा शिलिंगांना मूठभर झाली, हेही तोच सांगतो. सहा शिलिंग म्हणजे 72 पेन्स. हा भाव चढण्यामागे वासाचा संबंध जरूर होता. दूषित हवेतून रोग येतो, अशी समजूत होती आणि लोक उग्र वासाच्या वनस्पती नाकाशी धरीत. ई-मेलमधल्या विनोदात खऱ्याचा अंश शोधायचाच, तर तो एवढाच: भीती रोगाची होती, घामाची नव्हे. तुळशीचे लग्न लावणारे आणि शेवटच्या क्षणी तोंडात तुळशीपत्र ठेवणारे आपण या दुहेरी वापराने चकित व्हायचे कारण नाही.

एकोणिसाव्या शतकात रोझमेरी मागे पडली. 1840 साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला आणि तीच फुले वधूची ठरली. फुलांच्या ‘भाषे’ची पुस्तके घरोघर गेली, गुच्छ वाढत वाढत पुढे फितींसह गुडघ्यापर्यंत लोंबू लागला. मला त्या थाटात फारसा रस नाही. आठवण मात्र त्यातूनही सुटली नाही. व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न येथील बागेतल्या मर्टलची डहाळी राजघराण्यातल्या नवऱ्यांच्या गुच्छात अजून असते. 2011 साली केट मिडल्टनच्याही गुच्छात ती होती.

आणि 26 एप्रिल 1923. एलिझाबेथ बोज-लायन ही तरुणी ड्यूक ऑफ यॉर्कशी, म्हणजे पुढच्या सहाव्या जॉर्जशी, लग्न करायला वेस्टमिन्स्टर ॲबेत शिरली. आत अज्ञात सैनिकाची कबर आहे. 11 नोव्हेंबर 1920 रोजी ओळख न पटलेल्या एका सैनिकाला तिथे पुरले होते. एलिझाबेथचा भाऊ फर्गस 1915 मध्ये लूसच्या लढाईत पडला होता. पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव ठावठिकाणा नसलेल्या कबरींच्या स्मारकावर होते. वेदीकडे जाता जाता ती थांबली, गुच्छ त्या कबरीवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी लग्नाला उभी राहिली. तिने हे भावाच्या आठवणीसाठी केले, असेच मानले जाते.

तेव्हापासून राजघराण्यातल्या नवऱ्यांचे गुच्छ त्या कबरीवर जातात, पण लग्न झाल्यावर. 1947 साली तिच्या मुलीचा, दुसऱ्या एलिझाबेथचा, गेला. 2018 साली लग्न विंडसरला होते, तरी मेगन मार्कलचा गुच्छ लंडनला आणून तिथेच ठेवला गेला. लग्नाआधी गुच्छ ठेवून रिकाम्या हातांनी पुढे जाणारी मात्र ती पहिलीच.

ती एकशे एक वर्षे जगली. एप्रिल 2002 मध्ये तिचा अंत्यविधी त्याच ॲबेत झाला. शवपेटीवर वाहिलेले पुष्पचक्र दुसऱ्या दिवशी, तिच्या इच्छेप्रमाणे, त्याच कबरीवर नेऊन ठेवले.