चेकची तिसरी विभक्ती मराठी माणसाला सोपी जाते!

चेक भाषेत विभक्ती सात. तिसरी म्हणजे 'कोणाला? कशाला?'चं उत्तर देणारी, आपल्या चतुर्थीसारखी. 'ये मी झिमा' म्हणजे मला थंडी वाजतेय, 'लीबी से मी प्राहा' म्हणजे मला प्राग आवडतं. (यातला 'मी' म्हणजे 'मला', बरं का!) वाक्याची घडण अगदी ओळखीची.

घाम फोडतात ते प्रत्यय. किल्ला म्हणजे 'ह्राद', त्याचं 'ह्रादु' होतं, इथवर ठीक. पण 'मात्का' म्हणजे आई, तिचं होतं 'मात्से' आणि प्राहाचं 'प्राझे'! पुरुषवाचक नामांना बहुधा 'उ' किंवा 'ओवी'. पदव्या आणि नाव सलग आलं तर 'ओवी' सहसा शेवटी: 'पानु प्रोफेसोरु नोवाकोवी', म्हणजे प्रोफेसर नोवाक यांना.

शिकायचं असेल तर तक्ते नंतर, आधी आवडणं-थंडीची छोटी वाक्यं पाठ करा.