रस्ते सुरक्षा व्यवस्थापन, भारतातील

रस्त्यांवरील अपघात टाळणे व न टळलेल्या अपघातांतील जीवितहानी कमीत कमी राखणे, यांसाठी राष्ट्रीय पातळीवर केलेली कायदेविषयक, अभियांत्रिकीय, वैद्यकीय व प्रशासकीय योजना. २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सु. २ टक्के असला, तरी द्रुतगती मार्ग धरून त्यांवर ३६ टक्क्यांहून अधिक मृत्यू ओढवले.

जबाबदारीची विभागणी हा या व्यवस्थापनातील मुख्य प्रश्न होय. संविधानानुसार राष्ट्रीय महामार्ग संघ सूचीत, पोलीस, सार्वजनिक आरोग्य व इतर रस्ते राज्य सूचीत, तर यंत्रचलित वाहने समवर्ती सूचीत मोडतात. त्यामुळे एकाच अपघाताशी अनेक यंत्रणांचा संबंध येतो. परंतु तो पुन्हा होऊ नये याचे उत्तरदायित्व कोणा एकीकडे नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळ्यांवर परिषदा व समित्या नेमण्याची तरतूद झाली. सुंदर समितीने २००७ मध्ये वैधानिक मंडळाची शिफारस केली. २०१० मध्ये राष्ट्रीय धोरण संमत झाले व २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देखरेखीसाठी समिती नेमली. मंडळाची तरतूद मात्र २०१९ च्या दुरुस्तीने झाली; त्याचे कार्यही सल्ला देण्याचेच आहे.

पोलिसांच्या नोंदींत बहुतेक अपघातांचे कारण अतिवेग असे दिलेले असते. तथापि ठरावीक वळणांवर व चौकांत वारंवार अपघात होत असतील, तर रस्त्याच्या रचनेतील दोष शोधणे अगत्याचे ठरते. ज्या सु. ५०० मी. पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू घडतात, तो राष्ट्रीय महामार्गांवर अपघातप्रवण स्थळ मानतात. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रचना, बांधकाम वा देखभाल यांमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित अधिकारी, सल्लागार वा कंत्राटदार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. जखमींना मदत करणाऱ्यांना कायद्याचे संरक्षणही तिनेच दिले. कारण दुखापतीनंतरच्या पहिल्या तासातील उपचारांवर पुष्कळदा जखमीचे प्राण अवलंबून असतात.