सार्वजनिक विद्यापीठांच्या कारभारातील प्राध्यापकांचा सहभाग आणि निधीचा प्रश्न : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकांना मिळणारे प्रतिनिधित्व आणि विद्यापीठाला मिळणारा शासकीय निधी हे दोन प्रश्न सामान्यतः स्वतंत्रपणे चर्चिले जातात. पहिला निवडणुकीच्या काळात, तर दुसरा अर्थसंकल्पाच्या वेळी पुढे येतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या संदर्भात या दोहोंचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. वेतन अनुदानित पदे रिक्त राहिल्याने अध्यापनाची हानी होतेच. शिवाय प्राध्यापकांचा मतदारसंघ आकुंचित होऊन निर्णयप्रक्रियेतील त्यांचे स्थानही दुबळे होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अधिसभा, व्यवस्थापन परिषद, वेतन अनुदान, रिक्त पदे, तासिका तत्त्व, विद्यापीठीय स्वायत्तता.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आधुनिक विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेने झाला. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रारंभी केवळ परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होती आणि तिची अधिसभा मुख्यतः शासननियुक्त सदस्यांची होती. त्यामुळे विद्यापीठाच्या निर्णयांत अध्यापकांना कितपत स्थान असावे, हा प्रश्न येथे फार जुना आहे. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा झाला, तेव्हा अधिसभेच्या सदस्यांची संख्या किमान ५० व कमाल १०० अशी ठरविण्यात आली. मुंबई, कलकत्ता व मद्रास या विद्यापीठांत त्यांपैकी केवळ २० जागा निर्वाचित ठेवण्यात आल्या. फर्ग्युसन महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला विरोध केला. विद्यापीठांवर शासकीय वर्चस्व वाढेल, हा त्या विरोधाचा गाभा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र बदलले. राज्यातील विद्यापीठांसाठी १९७४ मध्ये स्वतंत्र कायदे झाले. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने त्यांना एका सूत्रात आणले आणि त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने घेतली. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. या प्रवासात प्राध्यापकांच्या प्रतिनिधित्वाचे तत्त्व मान्य झाले. परंतु त्या प्रतिनिधित्वाला आर्थिक अधिकाराची जोड मिळाली नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. विद्यापीठीय प्राधिकरणांतील प्राध्यापकांच्या सहभागाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. सार्वजनिक विद्यापीठांच्या उत्पन्नाचे मार्ग व त्यांवरील मर्यादा समजून घेणे.
३. निधी व प्रतिनिधित्व यांतील संबंध उलगडून काही उपाय सुचविणे.

विवेचनासाठी विद्यापीठविषयक कायदे, शासनाचे निर्णय आणि विविध समित्यांच्या शिफारशी या दुय्यम साधनांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धती अवलंबिली आहे.

प्राधिकरणांची रचना व प्राध्यापकांचे स्थान

२०१६ च्या अधिनियमानुसार अधिसभेत प्राचार्यांचे दहा, महाविद्यालयीन अध्यापकांचे दहा, विद्यापीठ विभागांतील अध्यापकांचे तीन, संस्थाचालकांचे सहा व नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निर्वाचित प्रतिनिधी असतात. त्याखेरीज पदसिद्ध व नामनिर्देशित सदस्य असतात. विद्या परिषद शैक्षणिक बाबींवर, तर व्यवस्थापन परिषद कार्यकारी व वित्तीय बाबींवर निर्णय घेते. अभ्यास मंडळे अभ्यासक्रमांची आखणी करतात.

या रचनेत एक महत्त्वाचा बदल झाला तो अधिष्ठात्याच्या पदाबाबत. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता हा विद्याशाखेच्या सदस्यांमधून निवडून येत असे. नव्या अधिनियमात विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा करण्यात आल्या आणि अधिष्ठाता हा निवड समितीमार्फत नियुक्त होणारा पूर्णवेळ अधिकारी झाला. या बदलामुळे पदाला प्रशासकीय सातत्य लाभले. मात्र अधिष्ठाता सहकाऱ्यांना उत्तरदायी असण्याचा धागा क्षीण झाला.

निर्वाचित प्राधिकरणांचे सातत्य हाही चिंतेचा विषय आहे. नवा कायदा येऊ घातल्याचे कारण देऊन २०१५ मध्ये प्राधिकरणांच्या निवडणुका तात्पुरत्या पुढे ढकलणारा कायदा करण्यात आला. परिणामी नव्या अधिनियमानुसार निवडणुका होईपर्यंत विद्यापीठांचा कारभार निर्वाचित प्रतिनिधींविना चालला. याच काळात, २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने अमलात आणला. निकाल दीर्घकाळ लांबले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. निर्वाचित मंडळे असती तर हा प्रसंग निश्चितच टळला असता, असे म्हणता येणार नाही. परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांच्या अडचणी वेळीच मांडण्याचे वैधानिक व्यासपीठ त्या वेळी कार्यरत नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. पुढे मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधर मतदारसंघातील निवडणूक २०२३ मध्ये जाहीर होऊन स्थगित झाली आणि उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर २४ सप्टेंबर २०२४ रोजी पार पडली. एका दशकात दोनदा निवडणुका लांबल्याने अशा प्राधिकरणांचे नैतिक वजन घटते.

निधीचे स्रोत व त्यांवरील मर्यादा

सार्वजनिक विद्यापीठाचे उत्पन्न स्थूलमानाने तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग राज्य शासनाच्या अनुदानाचा आहे. त्यात मंजूर पदांवरील वेतनाचा वाटा मोठा असतो. दुसरा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोग आणि केंद्रपुरस्कृत योजनांचा. तिसरा मार्ग स्वतःच्या उत्पन्नाचा; त्यात परीक्षा शुल्क, संलग्नीकरण शुल्क, विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे शुल्क व ठेवींवरील व्याज यांचा समावेश होतो.

पहिल्या मार्गावर शासनाचे नियंत्रण स्पष्ट आहे. अधिनियमाच्या कलम ८ नुसार शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवीन पदे निर्माण करता येत नाहीत, वेतन व भत्त्यांत बदल करता येत नाही, तसेच विशिष्ट कारणासाठी मिळालेला निधी अन्यत्र वळविता येत नाही. सार्वजनिक पैशाच्या विनियोगावर शासनाची देखरेख असणे समर्थनीय आहे. अडचण निराळी आहे. विद्या परिषद एखादा अभ्यासक्रम मंजूर करू शकते. तो शिकविण्यासाठी लागणारे पद मात्र ती देऊ शकत नाही. शैक्षणिक निर्णय एका ठिकाणी आणि त्याच्या पूर्ततेची साधने दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी आहे.

दुसऱ्या मार्गाचे स्वरूपही बदलले आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान व २०२३ मध्ये त्याच्या जागी आलेली पीएम-उषा योजना यांत केंद्र व राज्य यांचा वाटा सर्वसाधारणपणे ६० : ४० असा ठरविण्यात आला. पीएम-उषा योजनेसाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांकरिता संपूर्ण देशासाठी सुमारे १२,९२६ कोटी रुपयांची तरतूद होती. हा निधी प्रस्ताव व निकष यांच्या आधारे स्पर्धात्मक रीतीने मिळतो आणि तो मुख्यतः विशिष्ट कामांसाठी असतो. कायमस्वरूपी अध्यापकांच्या वेतनाचा भार त्यातून वाहता येत नाही.

वेतनाच्या प्रश्नातही असाच अनुभव आला. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार सुधारित वेतनश्रेणी लागू करताना १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातील वाढीव खर्चाचा ८० टक्के भाग केंद्राने उचलावयाचा होता. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. थकबाकी आणि अन्य मागण्यांसाठी राज्यातील प्राध्यापक संघटनांनी २०१३ मध्ये फेब्रुवारी ते मे या काळात परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. वेतनाचा प्रश्न प्राधिकरणांच्या कक्षेबाहेर असल्याने तो रस्त्यावर व न्यायालयात गेला आणि विद्यार्थ्यांना त्याची झळ बसली.

तिसऱ्या मार्गावर भर देण्याची शिफारस न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये केली होती. आवर्ती खर्चाच्या १५ टक्के रक्कम पाच वर्षांत आणि किमान २५ टक्के रक्कम दहा वर्षांत अंतर्गत साधनांतून उभी करावी, असे या समितीने सुचविले होते. समितीपुढे केंद्रीय विद्यापीठे होती. परंतु तिच्या विचाराचा प्रभाव राज्य विद्यापीठांवरही पडला. महाराष्ट्रातील संलग्नता देणाऱ्या विद्यापीठांनी ही गरज मुख्यतः परीक्षा व संलग्नीकरण शुल्कातून भागविली. हा आधारही आता डळमळीत होत आहे. सोलापूर (२००४) व गोंडवाना (२०११) या विद्यापीठांच्या स्थापनेने मूळ विद्यापीठांची संलग्न महाविद्यालये कमी झाली. स्वायत्त महाविद्यालये व समूह विद्यापीठे स्वतःच्या परीक्षा स्वतः घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर संलग्नता पद्धती १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या शुल्कावर चालणाऱ्या विद्यापीठाने पुढे कोणत्या उत्पन्नावर उभे राहावे, याचे उत्तर शोधण्यात प्राध्यापकांचा सहभाग अत्यावश्यक आहे.

रिक्त पदे आणि आकुंचित होणारा मतदारसंघ

येथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. अधिनियमातील अध्यापकाची व्याख्या पूर्णवेळ व मान्यताप्राप्त अध्यापकाची आहे. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक तेच विषय शिकवितो आणि त्याच उत्तरपत्रिका तपासतो. मात्र या व्याख्येत तो बसत नाही आणि अध्यापक मतदारसंघातही येत नाही. कायम अध्यापक निवृत्त झाल्यावर त्याचे पद भरले न जाता ते काम तासिकांवर सोपविले गेले, म्हणजे वेतनखर्चात बचत होते. त्याच वेळी मतदारयादीतील एक नावही कमी होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक व पाच सहायक प्राध्यापक अशी आठ पदे मंजूर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार हे अध्यापक एका वेळी अनुक्रमे आठ, सहा व चार संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू शकतात. सर्व जण मान्यताप्राप्त मार्गदर्शक असल्यास विभागाची संशोधनक्षमता ४० विद्यार्थ्यांची होते. प्राध्यापकाचे एक, सहयोगी प्राध्यापकाचे एक व सहायक प्राध्यापकांची दोन अशी चार पदे रिक्त झाली, तर ती १८ वर येते. पदे निम्मी राहिली, पण संशोधनक्षमता निम्म्याहूनही खाली गेली. मतदार आठांवरून चारांवर आले. विभागप्रमुख, अभ्यास मंडळ, परीक्षा, मूल्यमापनाची कागदपत्रे हे सारे काम उरलेल्या चौघांवर पडले. अधिसभेच्या बैठकीपूर्वी शेकडो पानांचा अर्थसंकल्प वाचण्यास त्यांपैकी कोणाला सवड मिळेल? शिवाय नॅकचे मूल्यांकन व राष्ट्रीय मानांकन यांत विद्यार्थी-अध्यापक प्रमाण व संशोधन यांना महत्त्व असल्याने अशा विभागामुळे संस्थेचे गुण घटतात आणि स्पर्धात्मक निधी मिळण्याची शक्यताही कमी होते. अशा रीतीने हे चक्र पूर्ण होते.

महामारीच्या काळात ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरण्यास मान्यता मिळाली. मान्यतेनंतरही ना हरकत प्रमाणपत्र, बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात व निवड समिती हे टप्पे उरतातच. तोवर नवी पदे रिक्त होत राहतात.

आक्षेप व त्यांचा विचार

प्राध्यापकांच्या सहभागावर दोन आक्षेप घेतले जातात. निवडणुकांमुळे विद्यापीठात गटबाजी व राजकारण शिरते, हा पहिला. त्यात तथ्य आहे. परंतु नामनिर्देशनानेही राजकारण संपत नाही. ते केवळ दृष्टीआड होते. प्राध्यापक प्रतिनिधी व्यापक धोरणापेक्षा वैयक्तिक तक्रारी व समित्यांवरील नेमणुका यांतच गुंततात, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून त्याचे उत्तर प्राध्यापकवर्गानेच द्यावयाचे आहे. अर्थसंकल्पातील तरतूद व प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत विचारणारा सदस्य अधिसभेत जितका आवश्यक आहे, तितकाच तो दुर्मिळ आहे.

उपाययोजना

१. प्राधिकरणांची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण होईल, असे वेळापत्रक कायद्याने बंधनकारक करावे.
२. अर्थसंकल्पासोबत मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांचा विभागवार तक्ता अधिसभेपुढे पुरेशा अवधीपूर्वी ठेवावा.
३. नवीन अभ्यासक्रमाच्या प्रस्तावास पदे व खर्च यांचे वित्तीय टिपण जोडावे.
४. निवृत्तीमुळे रिक्त होणाऱ्या पदांच्या भरतीची प्रक्रिया निवृत्तीपूर्वीच सुरू करण्याची मुभा द्यावी.
५. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना किमान विभागीय समित्या व अभ्यास मंडळांच्या चर्चेत स्थान द्यावे.
६. नवनिर्वाचित प्रतिनिधींसाठी विद्यापीठाच्या हिशेबपद्धतीची कार्यशाळा घ्यावी.

निष्कर्ष

सार्वजनिक विद्यापीठातील प्राध्यापकांचा सहभाग कायद्याच्या कलमांत सुरक्षित असला, तरी तो प्रत्यक्षात टिकण्यासाठी भरलेली पदे व वेळेवर होणाऱ्या निवडणुका आवश्यक असतात. रिक्त पदाची नोंद वित्त विभागाच्या वहीत बचत म्हणून होते. विद्यापीठाच्या दृष्टीने मात्र ते गमावलेले अध्यापन, गमावलेले संशोधन व गमावलेले मत असते. म्हणून पदभरतीची मागणी ही केवळ सेवाविषयक मागणी न मानता विद्यापीठाच्या स्वायत्ततेची मागणी मानली गेली पाहिजे. अधिसभेतील प्रत्येक अध्यापक प्रतिनिधीने अर्थसंकल्पाच्या बैठकीला जाताना आपल्या विद्याशाखेतील रिक्त पदांची यादी सोबत नेली, तरी या कामाचा आरंभ होऊ शकेल.