अतिथी वाय-फाय
अतिथी वाय-फाय म्हणजे पाहुण्यांना इंटरनेट देणारे, परंतु कार्यालयाच्या मुख्य जाळ्यापासून विलग ठेवलेले बिनतारी जाळे होय. उदाहरणार्थ, धर्माबादच्या (जि. नांदेड) मिरची बाजारातील अडत दुकानात हिशेबाचा संगणक व प्रिंटर मुख्य जाळ्यावर, तर शेतकरी-व्यापाऱ्यांचे मोबाइल अतिथी जाळ्यावर ठेवता येतात.

जोडणी होऊनही इंटरनेट न मिळाल्यास प्रथम आयपी पत्ता तपासतात. विंडोज संगणकावर तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास डीएचसीपी सेवेकडून पत्ता मिळालेला नसतो. सेवा बंद असणे किंवा तिच्याकडील पत्ते संपणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

इंटरनेट सुरू असणे हा विलगीकरणाचा पुरावा नव्हे. राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरल्यास काही उपकरणांत विलगीकरण लागू होत नाही. अतिथी जाळ्यावरून कार्यालयाच्या प्रिंटरचे पान उघडल्यास हा दोष लक्षात येतो.