घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

"आळशी झाला आहे हो, फादर! दिवसभर डुलक्या काढतो. सारा त्या गोळ्यांचा प्रताप!" मानसिक आजाराचे औषधपाणी चालू असलेल्या माणसाच्या घरी भेटीस गेलो, की ही तक्रार बहुधा आमच्या कानी येते. त्याच घरात दुसरेही एक वाक्य ऐकू येते : "रात्री मात्र असा घोरतो, की शेजारी जागे व्हावेत. झोपेची काही ददात नाही!" या दोन वाक्यांचा परस्परांशी संबंध असू शकेल, हे घरच्यांच्या ध्यानी येत नाही. खरे सांगावयाचे तर पुष्कळ दिवस ते आमच्याही ध्यानी आले नव्हते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि काही माणसांच्या श्वासाची वाट बंद होते. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो. मग मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घुरक्यासरशी श्वास पुन्हा सुरू होतो. यास स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध, म्हणतात. श्वास 10 सेकंद वा अधिक काळ थांबला किंवा फार मंदावला, तर डॉक्टर तो प्रसंग मोजतात. तासाला असे 30 किंवा अधिक प्रसंग घडले तर विकार तीव्र समजतात. म्हणजे सात तासांत दोनशेहून अधिक वेळा झोपमोड! सकाळी रोग्याला त्यातले काहीच आठवत नाही. डोके तेवढे जड असते.

मनोरुग्णाच्या ठायी हा विकार सहज लपून राहतो. थकवा, विसराळूपणा, चिडचिड, कामात लक्ष न लागणे ही लक्षणे खिन्नतेच्या आजाराची, तशीच श्वासरोधाचीही. आपण ती सारी पहिल्याच्याच खाती मांडतो. शिवाय ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी पुष्कळांचे वजन वाढते आणि मानेतील चरबी श्वासाची वाट दाबते. झोपेच्या काही गोळ्यांनी घसा अधिकच सैल पडतो. दारूनेही तेच होते.

मग औषधे बंद करावीत काय? मुळीच नाही! ती आपल्या मनाने थांबविल्यास मूळ आजार उसळतो. करावयाचे ते एवढेच, की श्वासरोधाची तपासणी मागावी.

प्रथम चाळणी लावतात. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चंग व त्यांचे सहकारी यांनी 2008 साली शस्त्रक्रियेपूर्वीच्या रोग्यांसाठी 8 प्रश्नांची 'स्टॉप-बँग' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहणे, रक्तदाब, स्थूलपणा, 50 वर्षांवरील वय, जाड मान आणि पुरुष असणे, असे ते प्रश्न. तीन किंवा अधिक उत्तरे 'होय' आली तर पुढे तपासावे. मात्र थकवा मनोरुग्णाला इतर कारणांनीही असतो. स्त्रियांत घोरण्यापेक्षा थकवा व निद्रानाशच पुढे दिसतो. म्हणून निर्णय प्रश्नावलीवर होत नाही. रात्रभर श्वास व प्राणवायू यांची नोंद करणाऱ्या तपासणीनेच तो होतो.

त्यातला तिसरा प्रश्न नीट पाहा. त्याचे उत्तर रोगी देऊच शकत नाही. ते त्याच्या पत्नीपाशी, आईपाशी किंवा भावापाशी असते. तेव्हा वाचकहो, दोन-तीन रात्री थोडे जागून ऐका. घोरणे मध्येच थांबते काय? मग गुदमरल्यासारखा घुरका येतो काय? पुढच्या खेपेस रोग्याबरोबर स्वतः डॉक्टरांकडे जा आणि पाहिले तसे सांगा. झोपेची नवी गोळी मिळण्याआधी सांगा.

विकार ठरल्यास उपाय आहेत : वजन उतरविणे, कुशीवर निजणे, दारू वर्ज्य करणे. अधिक त्रासासाठी मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र आहे, सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. मुखवट्याची काहींना प्रथम भीती वाटते; तेथे घरच्यांचा धीर हवा. यंत्राने मनाचा आजार जाईल असे नव्हे; त्याची औषधे चालूच राहतील. पण रात्री श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाला दिवसा आळशी म्हणण्याचा अन्याय तरी आपल्या हातून घडणार नाही.